पॅरिसमधले अकरा दिवस आणि कचऱ्यावरची खुर्ची

१५ मार्च २०२३, बुधवार

विमानतळाच्या दारात लेक भेटली. गळ्यात पडायच्या आधीच म्हणाली, "आई, पळ. आत्ताची गाडी चुकली तर पुढची कधी, ते देवाला ठाऊक." मी सातारची. चौतीस वर्षं एसटीने नोकरी केलेली बाई. बॅग काखोटीला मारून पळायला मला कुणी शिकवायला नको.

गाडीत बसल्यावर तिने सगळं समजावलं. फ्रान्स सरकारला निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचंय. जानेवारीत घोषणा झाली आणि १९ जानेवारीपासून देशभर ठरवून एकेक दिवसाचा संप चालू आहे. आजचा आठवा. आठही मोठ्या कामगार संघटना एकत्र आल्यात, एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्यासुद्धा. त्यातही काहींचा संप अखंड आहे, उदाहरणार्थ कचरा उचलणाऱ्यांचा. तो ६ मार्चपासून.

"म्हणजे?"

"म्हणजे उतरल्यावर बघशीलच."

उतरल्यावर आधी वास आला. कुजलेला भाजीपाला, मासळी आणि शिळी वाईन असा मिश्र. तिची गल्ली बाराव्या प्रभागात, रयी-दिदरो स्टेशनजवळ. फुटपाथवर माझ्या खांद्याइतका उंच ढीग. पिशव्या, खोकी, फाटकी गादी, आणि सगळ्यांच्या वर, कुणी मुद्दाम मांडून ठेवावी तशी, लाल मखमली गादीची लाकडी खुर्ची. एक पाय जरा तिरका, बाकी धडधाकट. आमच्याकडे ही खुर्ची अर्धा तास टिकली नसती.

१६ मार्च, गुरुवार

सकाळी जिन्याखाली इमारतीच्या गार्दियेन बाईंची ओळख झाली. गार्दियेन म्हणजे इमारत सांभाळणारी. तळमजल्यावर खोली, टपाल वाटायचं, जिना पुसायचा, आणि रोज कचऱ्याचे डबे बाहेर काढून रिकामे झाले की आत घ्यायचे. बाई मूळच्या पोर्तुगालच्या, इथे पस्तीस वर्षं. हिरव्या झाकणाचा डबा सामान्य कचऱ्याचा, पिवळ्या झाकणाचा कागद-प्लास्टिकचा, पांढऱ्याचा काचेचा. तिन्ही ओसंडून वाहत होते आणि बाई तरीही त्यांची झाकणं फडक्याने पुसत होत्या. सवय.

डब्याला फ्रेंचमध्ये 'पुबेल' म्हणतात, आणि हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला लेकीने सांगितलं. युजेन पुबेल हे इथले प्रिफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखे. १८८३ मध्ये त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. तेही तीन प्रकारचे: एक ओल्या कचऱ्याला, एक कागद-चिंध्यांना, एक फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांना. लोक इतके वैतागले की डब्यालाच त्यांचं नाव ठेवून मोकळे झाले. आमच्या नगरपालिकेने 'ओला-सुका' सुरू केलं तेव्हा मुख्याधिकाऱ्यांचं नाव डब्याला दिलं असतं तर? असो.

दुपारी त्युइलरी बागेत गेलो. गोल तळ्याभोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, कुणीही ओढून घ्याव्यात, उन्हाकडे तोंड करून बसावं. आम्ही बसलो. लेकीचं लक्ष मात्र मोबाईलवर. तीन वाजता संसदेत पंतप्रधान एलिझाबेत बोर्न बोलायला उभ्या राहणार होत्या. सकाळी सिनेटने विधेयक १९३ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर केलं होतं. खालच्या सभागृहात मात्र सरकारकडे बहुमत नाही आणि पाठिंबा कबूल केलेल्या उजव्या विरोधी पक्षातले किती जण शब्द पाळतील याचा भरवसा नव्हता.

मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मी बघितलं. बाई उभ्या राहिल्या आणि डाव्या बाकांवरून राष्ट्रगीत सुरू झालं. हातात कागद, '६४ वर्षं, नाही म्हणजे नाही'. बाईंना मिनिटभर बोलता येईना. शेवटी आवाज चढवून त्यांनी वाचलं ते राज्यघटनेचं कलम ४९ चं तिसरं पोटकलम. इथे सगळे नुसतं 'कारांत-नफ त्र्वा' म्हणतात. या कलमाने मतदान न घेता विधेयक मंजूर झालं असं मानता येतं, पण २४ तासांत अविश्वास ठराव दाखल होऊन तो जिंकला तर विधेयकही जातं आणि सरकारही. आपल्या वटहुकमाशी गल्लत करू नये. वटहुकूम सभागृह बंद असताना निघतो, हे सभागृहाच्या तोंडावर. १९५८ पासून ही शंभरावी वेळ म्हणे, आणि या एकट्या बाईंची सहा महिन्यांच्या आत अकरावी.

"झालं," लेक म्हणाली. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची चार-पाच माणसंही मोबाईलमधून वर बघत तेच म्हणाली असावीत.

बागेच्या पश्चिम टोकाला प्लास द ला कॉन्कॉर्द. मधोमध इजिप्तच्या लक्सरहून आणलेला ओबेलिस्क, आणि नदीच्या पलीकडे बरोब्बर समोर संसद. सोळाव्या लुईचं डोकं १७९३ मध्ये याच चौकात उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा विद्यार्थी जमत होते. कुणी बोलावलं, कुठल्या पक्षाने, ते कुणालाच माहीत नव्हतं. दप्तरासकट पोरं येत होती, ऑफिसातून सुटलेल्या बायका येत होत्या. एक म्हातारे गृहस्थ तर बगलेत पाव घेऊन. पाऊण तासात चौक भरला. पुलाच्या तोंडाला पोलिसांच्या गाड्यांची रांग. लेक म्हणाली, "चल आता." मला थांबायचं होतं. तिने ऐकलं नाही, आणि रात्री बातम्यांत चौकातली आग, पाण्याचे फवारे आणि दोनशेहून अधिक जणांची धरपकड बघितल्यावर मीही तक्रार केली नाही.

परत येताना मेट्रोची एक नंबरची लाईन चालू होती. ही लाईन संपात बंद पडत नाही, कारण तिला चालक नाही.

१७ मार्च, शुक्रवार

भाच्याचा फोन. भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, २००९ ला लागलेला, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा. त्या तारखेच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नवी योजना, ज्यात पगारातून पैसे कापून बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी हातात काय पडेल ते बाजार ठरवतो. मी १९८५ ला लागलेली. माझी पेन्शन दरमहा बिनबोभाट जमा होते. घरात आम्ही दोघं समोरासमोर बसलो की हा विषय मी टाळते.

मी निघाले त्याच दिवशी, १४ तारखेला, महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला होता. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'.

"आत्या, तिकडेपण पेन्शनचाच संप आहे ना?"

"हो रे."

"किती वर्षांना निवृत्ती देतात?"

"बासष्ट. चौसष्ट करायचं म्हणतायत."

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "आणि किती पेन्शन?" ते मला सांगता आलं नाही. लेकीला विचारून सांगते म्हटलं. तिने सांगितलं ते असं: इथे पेन्शन बाजारात गुंतवत नाहीत. आज काम करणाऱ्याच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्याला पैसे जातात. पूर्ण पेन्शनसाठी आता ४३ वर्षांची वर्गणी लागेल. सरकार म्हणतं, म्हातारे वाढले, कमावते घटले, हिशेब बसत नाही. संघटना म्हणतात, बसवायचा तर मालकांकडून आणि श्रीमंतांकडून घ्या, जो सतराव्या वर्षी विटा उचलायला लागला त्याची दोन वर्षं का घेता?

भाच्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "तिकडे वर्षांचं भांडण आहे. इकडे पैशांचं."

१८ मार्च, शनिवार

आलीग्रचा बाजार. घरापासून दहा मिनिटं. सोमवार सोडून रोज भरतो, आणि मला पॅरिसमध्ये पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं ते इथे. अरब भाजीवाले ठेक्यात ओरडतात, "एक युरो, एक युरो!" कोथिंबीर, पुदिना, मेथीसुद्धा. बाजार संपल्यावर राहिलेला माल गोळा करणारी माणसंही आपल्याच मंडईतल्यासारखी. फरक एवढाच की आज ती ढिगातून निवडत होती आणि ढीग बारा दिवसांचा होता.

इथे एक गंमत कळली. पॅरिसच्या निम्म्या प्रभागांत कचरा महापालिकेचे कामगार उचलतात, निम्म्यांत खासगी कंपन्या. आमचा बारावा प्रभाग पालिकेचा. फोबुर सँ-आन्त्वान हा रस्ता ओलांडला की अकरावा, तो खासगी. आम्ही रस्त्याच्या मधल्या बेटावर उभ्या राहून डावीकडे-उजवीकडे बघितलं. दक्षिणेला पिशव्यांची तटबंदी, उत्तरेला बऱ्यापैकी मोकळा फुटपाथ. अगदी चकाचक नव्हे, कारण शहराच्या कडेच्या कचरा जाळायच्या भट्ट्याही संपात होत्या आणि गाड्यांना रिकामं व्हायला जागा नव्हती. आणि रात्रीच्या अंधारात इकडची पिशवी तिकडे नेऊन ठेवणारे शूर वीर इथेही आहेत. एका सूटवाल्याला मी स्वतः पाहिलं.

आकडा बातम्यांत येत होता: शहरात दहा हजार टन. महापौर आन इदाल्गो संपकऱ्यांच्या बाजूच्या. सरकारने त्यांना सांगितलं की कामगारांना सक्तीने कामावर आणा, त्यांनी नकार दिला. मग पोलीस प्रमुखांनीच सक्तीचे आदेश काढायला सुरुवात केली.

कचरा उचलणाऱ्यांचं निवृत्तीचं वय आत्ता ५७ आहे, ते ५९ होणार. परत येताना गार्दियेन बाईंना लेकीने विचारलं, या ढिगाचा तुम्हाला राग येत नाही का? बाईंनी हात कमरेवर ठेवले. त्या १९६३ च्या. नव्या कायद्यात प्रत्येक जन्मसालाला तीन-तीन महिने वाढत जातात, त्यांच्या वाट्याला नऊ महिने जास्तीचे येतात. त्या म्हणाल्या, "नऊ महिने म्हणजे एक बाळंतपण. साठीनंतर कोण करतं?"

मग मला विचारलं, तुम्ही कितव्या वर्षी निवृत्त झालात?

अठ्ठावन्न.

बाईंनी दोन्ही हात वर केले आणि लेकीला जे सांगितलं त्याचं भाषांतर तिने हसत हसत केलं: "त्या म्हणतायत, भारत फार सुधारलेला देश आहे."

मी भाच्याबद्दल काही बोलले नाही. भाषांतरात ते लांबलं असतं.

१९ मार्च, रविवार

पाय सुजले. दिवसभर घरी. खिडकीतून पाहिलं तर एक तरुण जोडपं आळीपाळीने मखमली खुर्चीवर चढून फोटो काढत होतं, राजा-राणीसारखे.

२० मार्च, सोमवार

आज दोन बातम्या, दोन देशांतून, काही तासांच्या अंतराने.

इकडची आधी लिहिते. संध्याकाळी अविश्वास ठरावावर मतदान. छोट्या मध्यममार्गी गटाने आणलेला ठराव, त्यामुळे डावे आणि कडवे उजवे दोघंही त्याला मत देऊ शकत होते. जावई ऑफिसातून लवकर आले, शेजारचं जोडपं आमच्याकडे आलं, टीव्हीसमोर चीज आणि पाव मांडला. अगदी आपल्याकडे मॅच बघतात तसं. २८७ मतं हवी होती. मिळाली २७८. नऊ कमी.

शेजारी हातातला पेला खाली ठेवून उठले आणि कोट घालायला लागले. मला वाटलं घरी निघाले. ते चौकात निघाले होते. बायकोने मफलर दिला, "फार उशीर करू नकोस," एवढंच म्हणाली.

आणि तिकडची. भाच्याचा मेसेज: संप मागे. मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली, समिती अभ्यास करणार, आश्वासन मिळालं. उद्यापासून शाळा. मी फोन केला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "सात दिवसांत दहावीच्या परीक्षा, रुग्णालयं, सगळीकडून शिव्या खाल्ल्या आत्या. वर पगार कापतील ते वेगळंच."

इथेही संपाचे पगार कापतात. लेकीच्या ओळखीतली एक शाळामास्तरीण जानेवारीपासून आठ दिवसांचा पगार घालवून बसली आहे. तिच्यासारख्यांसाठी संघटना निधी गोळा करतात, बेकरीच्या काउंटरवरसुद्धा मी डबा पाहिला. पण शिव्या? त्या बघायला मिळाल्या नाहीत. दूध मिळत नाही, गाडी नाही, कचरा नाकापर्यंत आलाय, आणि माणसं म्हणतात, "हो, त्रास होतोय," आणि पुढे चालू लागतात. सगळेच असे असतील असं नाही. मी भेटले ती दहा-बारा माणसं.

२१ मार्च, मंगळवार

ओतेल द व्हील, म्हणजे पॅरिसची महापालिका, आणि तिच्यासमोरचा चौक. या चौकाचं १८०३ पर्यंतचं नाव प्लास द ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे वाळू-गोट्यांचा काठ. सीन नदीचा हा उतार, इथे नावा लागायच्या, धान्य, लाकूड, गवत उतरायचं. हमाल सकाळी इथे येऊन कामाची वाट बघत उभे राहायचे, आपल्या मजूर अड्ड्यासारखेच. पुढे काम नाकारून, मजुरी वाढवून मागत उभं राहण्यालाही 'ग्रेव्ह' हाच शब्द पडला. आज फ्रेंचमध्ये संपाला ग्रेव्ह म्हणतात. आणि याच चौकात लोकांसमोर फाशी द्यायचे, हेही फलकावर नाही तरी लेक सांगून गेली.

मी तिथल्या दगडी कठड्यावर बराच वेळ बसले. मला माझे थोरले दीर आठवले. लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तेव्हा आठ-पंधरा दिवसांची सुट्टी समजून गावी आले, एक ट्रंक आणि रेडिओ घेऊन. ते परत गेलेच नाहीत. आमच्या घरात 'संप' हा शब्द त्या ट्रंकेच्या वासाचा आहे. त्यामुळे इथली माणसं उद्याच्या संपाबद्दल उद्याच्या पावसाबद्दल बोलावं तशी बोलतात, तेव्हा मला ते कळतं, पण पचत नाही. रेल्वे तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला जाहीर करते की उद्या कुठल्या गाड्या धावणार. सार्वजनिक सेवेत पाच दिवस आधी नोटीस द्यावी लागते. संप करण्याचा हक्क १९४६ पासून घटनेच्या प्रस्तावनेत आहे.

येताना कॉन्कॉर्द स्टेशनात उतरलो, मुद्दाम बारा नंबरच्या फलाटावर गेलो. भिंतीवर, छतापर्यंत, पांढऱ्या फरशांवर निळी अक्षरं, एका फरशीवर एक. शब्दांत जागा नाही. १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे तो, सबंध. लेकीने शोधून शोधून दुसरं कलम वाचून दाखवलं: स्वातंत्र्य, मालमत्ता, सुरक्षितता आणि जुलमाचा प्रतिकार. फलाटावरचा माणूस वैतागला, आम्ही त्याच्या वाटेत होतो.

२२ मार्च, बुधवार. गुढीपाडवा

साताऱ्याहून साखरेच्या गाठी, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि खणाचं कापड घेऊन आले होते. काठीला लेकीने पडद्याचा दांडा काढला. तांब्या होताच. गॅलरीच्या लोखंडी कठड्याला गुढी बांधली, रांगोळी काढायला जागा एवढीशी, तरी काढली. श्रीखंड फ्रोमाज ब्लांचं, म्हणजे इथल्या मऊ ताज्या चीजचं, रात्रभर फडक्यात टांगलेलं. चक्क्याच्या जवळ जातं, आंबटपणा मात्र कमी.

साडेअकराला दारावर टकटक. गार्दियेन बाई. खालून त्यांना आमच्या गॅलरीत झेंडा दिसला होता. हिरवं-लाल कापड, वर पालथं भांडं. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "ही कुठली संघटना?"

लेक हसून हसून खाली बसली. मग त्यांना आत बोलावून श्रीखंड दिलं, नवं वर्ष असल्याचं सांगितलं. कडुनिंब त्यांनी तोंडात घातला आणि ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ती मी विसरणार नाही. पालथ्या भांड्याचा अर्थ मात्र त्यांनी सोडला नाही: "भांडं पालथं म्हणजे आता शिजवणार नाही, बरोबर? म्हणजे संपच."

दुपारी एकला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन टीव्हीवर. बाई थांबल्या, आम्ही सगळ्यांनी एकत्र बघितलं. कायदा वर्षअखेरीपर्यंत लागू व्हायला हवा, मलाही हे करायला आनंद होत नाही, पण गरज आहे, असा सूर. आदल्या दिवशी स्वतःच्या खासदारांना ते म्हणाले होते की निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत बोलणाऱ्या जनतेसमोर जमावाला वैधता नसते. ते वाक्य अजून ताजं होतं. मुलाखतीत मध्येच त्यांचे हात टेबलाखाली गेले आणि वर आले तेव्हा मनगटावर घड्याळ नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळा देश पेन्शन सोडून घड्याळावर. महागडं होतं म्हणून लपवलं, असं विरोधक. टेबलावर आपटून आवाज होत होता म्हणून काढलं, असं त्यांचं कार्यालय. बाईंनी मुलाखत संपायच्या आधीच वाटी विसळून ठेवली होती.

२३ मार्च, गुरुवार

आज नववा संप, आणि मी हट्ट धरला होता. मोर्चा बघायचा. लेक शेवटी तयार झाली, दोन अटींवर: बास्तीयच्या सुरुवातीलाच थांबायचं, आणि ती म्हणेल तेव्हा निघायचं. मोर्चा बास्तीयहून रेप्युब्लिकमार्गे ऑपेरापर्यंत. गडबड होते ती शेवटाला आणि कडेला, हे सगळ्यांना ठाऊक.

दोन वाजता पोचलो. पहिलं काय दिसलं, तर धूर. पोटात गोळा आला. जवळ गेलो तर शेगडी. लोखंडी जाळीवर मेर्गेझ, म्हणजे तिखट लालसर सॉसेज, ओळीने भाजत टाकलेली, आणि संघटनेचं जाकीट घातलेला माणूस ती पावात भरून विकतोय. समोर पंचवीस जणांची रांग. मी शाकाहारी, मला नुसता पाव आणि मोहरीची चटणी मिळाली. पैसे घेतले नाहीत.

वर आकाशात रिक्षाएवढाले फुगे, प्रत्येक संघटनेचा वेगळा: सेजेतेचा लाल, सेएफदेतेचा नारिंगी. खाली टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर. गणपती विसर्जनच. त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा, हजारो गळ्यांतून, "ऑं ने ला, ऑं ने ला", आम्ही इथे आहोत, मॅक्रॉनला नको असलं तरी आम्ही इथे आहोत. दुसऱ्या फेरीला मीही म्हणत होते.

फलक वाचायला लेक दमली. 'मेट्रो, बुलो, कॅव्हो': मेट्रो, काम, थडगं. मूळ म्हण 'मेट्रो, काम, झोप' अशी आहे. दुसरा एका शाळकरी पोरीच्या हातात: तुम्ही आम्हाला ६४ लावाल, तर आम्ही तुम्हाला मे ६८ लावू, म्हणजे १९६८ सारखा विद्यार्थी-कामगारांचा उठाव. एक सत्तरीच्या आजी, पाठीवर पुठ्ठा बांधलेला. त्यांना स्वतःला आता काय फरक पडणार? लेकीने विचारलं. त्या म्हणाल्या, "मला साठाव्या वर्षी मिळाली. माझ्यासाठी कुणीतरी चाललं होतं."

साठाव्या वर्षी. राष्ट्राध्यक्ष मित्तराँच्या काळात, १९८२ मध्ये, इथे निवृत्तीचं वय ६५ वरून ६० झालं होतं. १९८२. आमच्या ट्रंकेचं साल.

साडेतीनला लेकीने दंड धरला. निघालो. संध्याकाळी टीव्हीवर ऑपेराजवळ जळणारे कचऱ्याचे ढीग, फुटलेल्या काचा, अश्रुधूर. बोर्दोमध्ये तर महापालिकेचं दार पेटवलं. आमच्या डोळ्यांसमोरून गेलेला तो दीड तास त्या बातमीत कुठेच नव्हता. मेर्गेझवाला नव्हता, आजीबाई नव्हत्या.

आकडे: पॅरिसच्या मोर्चात गृहखात्याच्या मते १ लाख १९ हजार, सेजेतेच्या मते ८ लाख. शिवाजी पार्कच्या सभेचे आकडे वाचत मोठी झालेली मी, मला यात काही नवल वाटलं नाही.

२४ मार्च, शुक्रवार

इंग्लंडचे राजे चार्ल्स रविवारी येणार होते, राजा म्हणून त्यांचा पहिला परदेश दौरा. व्हर्सायच्या राजवाड्यात मेजवानी ठरली होती. दौरा पुढे ढकलला. त्याआधीच सरकारी फर्निचर खात्यातल्या कामगारांनी सांगून टाकलं होतं की आम्ही लाल गालिचा अंथरणार नाही. बाईंना ही बातमी जिन्यात कळली, त्या फार खूश. राजा नाही आला म्हणून नव्हे, गालिच्यामुळे. "अंथरायचा कुणी, गुंडाळायचा कुणी, हे टीव्हीवर पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं."

सामान भरलं. लेकीने चीजचे तीन डबे घातले. मी दोन काढले.

२५ मार्च, शनिवार

विमानतळापर्यंत टॅक्सी. दोन दिवसांपूर्वी आंदोलकांनी एका टर्मिनलचा रस्ता अडवला होता, लोक बॅगा ओढत चालत गेले होते, म्हणून चार तास आधी निघालो. काही झालं नाही. चार तास बसून राहिले.

निघताना ढिगावरची खुर्ची नव्हती. एवढे दिवस टिकून आजच कुणी नेली, म्हणून जरा चुटपुट लागली.

१५ एप्रिल, सातारा

लेकीचा सकाळी फोन. काल घटना परिषदेने, म्हणजे कायदा घटनेत बसतो का ते तपासणाऱ्या संस्थेने, ६४ वय मान्य केलं आणि रात्रीतच राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही केली. लोकांना वाटलं होतं दोन-चार दिवस तरी थांबतील. कचऱ्याचा संप मात्र मी निघाल्यावर चारच दिवसांत, २९ मार्चला, थांबवला होता. गल्ली आता स्वच्छ, म्हणाली.

मग तिने फोटो पाठवला. तळमजल्यावरची बाईंची खोली, दार उघडं. आत, खिडकीशी, लाल मखमली गादीची खुर्ची. तिरक्या पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकून सारखी केलेली. बाई तीवर बसून टपाल लावतायत.

भाचा शेजारीच बसला होता, त्याला दाखवला. त्याने फोटो मोठा करून खुर्चीचा पाय बघितला आणि म्हणाला, "चांगला ठोकलाय."